नैरोबीची शपथ

नैरोबीत नोकरीला असताना भावानं तिथल्या वकिलातीत शपथेवर लिहून दिलं होतं, की कामठीचं घर बहिणीचं. तरी घर प्रेमलताबाईंच्या नावावर चढेना. शपथ देणाऱ्या साहेबाला तसा अधिकार होता, याचा पुरावा नागपूरच्या बाबूला हवा होता. आठ महिने खेटे घालून, जुन्या गॅझेटांची धूळ खाऊन, बाईंनी अखेर १९८७ च्या नेमणुकांच्या यादीत साहेबाचं नाव शोधलं.

बाबूनं ते दोनदा वाचलं. "साहेब तं खरे निघाले, काकू. आता फक्त भाऊ खरा होता याचा कागद आणा."

"आता हे काहून?" बाई कळवळल्या.



थैली सांभाळत शेजारी बसलेले गिरिधरराव आठव्यांदा म्हणाले, "अरे बावा, तो भाऊ मीच आहो ना!"