नवघरातला जपानी किल्ला

दाजींनी पेटती उदबत्ती नाकानोसाहेबांच्या हातात दिली आणि टाळ्या पडल्या.

नवघरच्या त्या सोसायटीचा रिवाजच होता. दिवाळीत मातीचा किल्ला करायचा आणि भाऊबिजेच्या संध्याकाळी बालेकिल्ल्यात सुतळी बॉम्ब खोचून तो उडवायचा. वात पेटवायचा मान पाहुण्याचा. एक्क्याण्णव साली पाहुणा थेट जपानचा. हाटकेशच्या कारखान्यात नवं मशीन बसवायला आलेला. त्या मशीनवर कोणाला कायम करायचं, हे तोच सांगून जाणार होता. म्हणून तिथेच हंगामी कामाला असलेल्या उदयने पाहुण्याच्या गावच्या किल्ल्याचं जुनं चित्र त्याच्याकडून मागून घेतलं, आणि सोसायटीतल्या दाजींनी किल्ला उभा केला. वर वळलेल्या कडांची छपरं, खंदक, सगळं हुबेहूब.

साहेबांनी वाकून छपरावरून बोट फिरवलं, तेव्हाच उदयला वाटलं, जमलं.

त्या जागी आता सार्वजनिक बाग आहे, एवढंच साहेब बोलले होते. बाकीचा इतिहास दाजींनी पुरवला. दाजी पेणकरपाड्याच्या पलीकडे फारसे गेले नव्हते, पण जपान त्यांना तोंडपाठ. म्हणे, राणीला फुलांचा भारी सोस. राजाने एका सकाळी बालेकिल्ला स्वतःच्या हाताने पाडला, बाग फुलवली आणि रयतेला म्हणाला, या, बसा, शेंगा खा. उदयने ते जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. शेजारच्या मंदावहिनी म्हणाल्या, "राजा असावा तर असा. आमच्याकडे कुंडी सरकवायची म्हटलं तर ह्यांची कंबर धरते."

सगळे हसले. साहेबही हसले. मग त्यांनी हळूच विचारलं, या काडीचं काय करायचं?

उदयने वात दाखवली. "सर, यू लाइट. बिग साउंड. देन फिनिश."

साहेबांचं हसू तोंडावरच थांबलं. वातीकडे पाहत ते तसेच उभे राहिले. मग उदबत्तीचं पेटतं टोक त्यांनी चिमटीत धरून विझवलं. चटका बसला असणार, पण हात झटकला नाही. मशीन गेलं, एवढंच उदयच्या डोक्यात.

साहेब खालच्या आवाजात बोलू लागले. दाजींनी उदयला कोपराने ढोसलं. "काय म्हणतोय रे? राणीचं नाव सांगतोय का?"

उदयला ते मराठीत आणायला वेळ लागला.

"राणी नव्हती म्हणतात, दाजी. महायुद्धात बॉम्ब टाकायला विमानं आली होती. गावातली माणसं किल्ल्यात लपली होती, ह्यांची आईसुद्धा. ढिगारा काही उपसता आला नाही, म्हणून वर झाडं लावली."