जरा थांबव गो

केळशीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यातली संध्याकाळ. मुंबईहून आलेला जॅझचा बँड ऐन रंगात होता, तेवढ्यात बकुळा ओल्या पायांनी थेट स्टेजवर चढली.

"जरा थांबव गो बाय," ती गायिकेला म्हणाली. "माझ्या लेकाची, सूरजची होडी अजून किनाऱ्याला लागली नाय. धुक्यात काय दिसत नाय. त्याच्या इंजिनाचा आवाज मी वळखते, पण तुमच्या ह्या ढमढमात ऐकूच येत नाय."

"तिकिटं काढलीत आम्ही!" पहिल्या रांगेतला एक जण ओरडला.

गायिकेने हात वर केला. ड्रम थांबले, मग सॅक्सोफोन. बकुळा समुद्राकडे कान लावून उभी राहिली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. नुसती लाटांची गाज येत होती.

बऱ्याच वेळाने ती वळली.

"इंजिनाचा आवाजच येत नाय, म्हंजे बंद पडलंय त्याचं. आता वल्ही मारत यायचं, तर किनारा कुठल्या अंगाला ते त्याला कळायला हवं. वाजव गो. जोरात वाजव. होडी दिसेपर्यंत थांबू नको."

ड्रम सुरू झाले. मघाशी ओरडलेला माणूस उठला आणि एकटाच स्पीकर समुद्राकडे वळवू लागला.