घरची बिअर

तयार अर्क न वापरता, मोड आणलेले जव स्वतः दळून आणि शिजवून हृषिकेशने जर्मनीत, एर्लांगेनच्या घरात पहिल्यांदाच बिअर केली होती. मुरेपर्यंत पिंपाला हात लावू नकोस, अशी शेजारच्या योसेफची ताकीद होती. ती त्याने इतक्या निष्ठेने पाळली, की झाकण सोडाच, तोटीसुद्धा कधी फिरवून पाहिली नाही. अखेर बाटल्या भरण्याच्या दिवशी दोघांनी पहिला घोट घेतला. बिअर अगदी पाणचट लागली.

योसेफने ग्लास खाली ठेवला. "हे बघ, तुझं काही चुकलेलं नाही. यात कुणीतरी मागाहून पाणी ओतलंय."

दिवसभर घरी फक्त बाबा असत. त्यांची दारू सुटली, म्हणून आईने निर्धास्तपणे त्यांना लेकाकडे हवापालटासाठी पाठवले होते.

योसेफ गेल्यावर हृषिकेश म्हणाला, "बाबा, तुम्ही आईला शब्द दिला होतात. आता तिला मी काय सांगू?"

"सांग, मोडला म्हणून."

"एवढंच? मी विश्वासाने तुम्हाला एकटं ठेवून ऑफिसला जात होतो."

बाबांनी पहिल्यांदाच मान वर केली. "गारवा लागतो म्हणून ते पिंप तू माझ्या खोलीत ठेवलंस, हृषी. सुरुवातीच्या कितीतरी रात्री मी बाहेर सोफ्यावर झोपलो. का झोपतो, ते तू एकदाही विचारलं नाहीस."