तिघींचा शीण

पसरणी घाटाच्या शेवटच्या वळणावर इंदू सायकलसकट आडवी झाली. मनगटावरच्या पट्टीतून तिने सकाळपासून संघातल्या दोघींचा शीण स्वतःच्या अंगात ओढून घेतला होता. शर्यत संपली की जिचा तिने परत घ्यायचा, हे ठरलेलं होतं.

कानातल्या फोनमध्ये एकच जल्लोष झाला. देवयानीताई पहिली आली होती.

“ताई, आता परत घे गं,” इंदू कशीबशी म्हणाली. “छाती फुटतेय माझी. सुमनने तर पट्टीच काढून टाकलीय.”

“घेते गं बाई! पण आत्ता घेतला तर बक्षीस घ्यायला उभी कशी राहू? तेवढे फोटो होऊ देत. थांबशील ना?”

नाही म्हणण्यापुरताही श्वास इंदूजवळ उरला नव्हता.

“गुणाची गं माझी,” ताई म्हणाली.