फळ्यावरची दुसरी ओळ

फाटकापाशी आल्यावर बाईंनी आधी फळा वाचला, मग माणसं बघितली.

फळा स्टाफरूममधून उचलून आणलेला होता. संप सुरू झाल्यापासून शिक्षक रोज सकाळी त्यावर मागण्या लिहीत आणि त्याच्याच सावलीत आळीपाळीने बसत. संपाचे पुढारी म्हणजे भूगोलाचे सर. बाईंना बघून ते लगबगीने उठले, सतरंजीवर जागा केली.

"या बाई, बसा. तुमच्यासारखी रिटायर माणसं आली की आम्हाला बळ येतं."

"बसायला नाही आले, सर. आत जायला आलेय."

एरवी बाई त्यांना अरे-तुरे करायच्या. 'सर' ऐकलं आणि सर सावध झाले.

शिक्षण खात्याने निवृत्त शिक्षकांना रोजंदारीवर बोलावलंय, हे त्यांच्या कानावर होतं. रस्त्यापलीकडे गाडीत बसलेला अधिकारी त्यासाठीच ताटकळत होता. एका शिक्षकाने आत जाऊन अकराची घंटा दिली की कागदोपत्री शाळा भरली. आणि शहरातली सगळ्यात मोठी शाळा भरल्यावर बाकीच्या भरायला कितीसा वेळ लागतो! कुणीतरी फितूर होईल, एवढा अंदाज सरांनी बांधला होता. बाई होतील, हे त्यात धरलं नव्हतं.

"लाज नाही वाटत?" मागून विज्ञानाची तरुण शिक्षिका कडाडली. "आम्ही इथे उन्हात कुणासाठी तापतोय? तुमच्या पेन्शनसाठीच ना?"

"हो का?" बाईंनी फळ्याकडे बोट केलं. "मग दुसरी ओळ कुठे गेली?"

सगळ्या माना फळ्याकडे वळल्या. 'पगारवाढ झालीच पाहिजे' ही पहिली ओळ ठसठशीत होती. तिच्याखाली नुसता पांढरट ढग.

"पुसायचं तरी नीट पुसावं," बाई म्हणाल्या. "'निवृत्तिवेतन' अजून वाचता येतंय. ओलं फडकं मारायचं असतं, सर."

आता माना सरांकडे वळल्या. त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. काल संध्याकाळी अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये चहा दोनदा आला होता, आणि दुसऱ्या कपाबरोबर सरांनी पेन्शन सोडून दिली होती. घराचा हप्ता दर महिन्याला दारात उभा राहतो. म्हातारपण अजून लांब होतं.

"पुढच्या टप्प्यात घेऊ म्हणालेत," सर चाचरत म्हणाले. "एकदम सगळं मागितलं तर हातात काहीच पडत नाही, बाई. जरा व्यवहार बघा."

"तोच बघतेय. तुम्ही माझी पेन्शन सोडलीत, मी तुमचा संप सोडला. सरका."

"तुमच्या निरोपाला मी भाषण केलं होतं!"

"छान केलं होतंत. वर भिंतीवरचं घड्याळही दिलंत. अगदी वेळेवर चालतं. घरमालक मात्र त्याहून वेळेवर येतो."

सरांना बाजूला सारून त्या आत गेल्या. मागे जायची कुणाची छाती नव्हती. संप न सोडता फाटकाच्या आत पाऊल टाकलं तर नोकरी जाईल, अशी नोटीस प्रत्येकाच्या खिशात होती. कुंपणावर चढून बसलेल्या पोरांनी बाईंना बघून कपाळावर हात मारला. सुट्टी गेली!

व्हरांड्यात पोचून बाईंनी हातोडी उचलली आणि घंटेवर एक हलकासा टोला दिला.

ठण्ण!

सतरंजीवरचे सगळेच्या सगळे ताडकन उठले. चित्रकलेच्या सरांनी तर अर्धा खाल्लेला डबा मिटून पिशवीत टाकला आणि पावलं थेट फाटकाकडे वळवली. गाडीतला अधिकारी खो खो हसला. खाली बसताना कुणीच कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

"ही नुसती वाजतेय का ते बघितलं," बाई तिथूनच म्हणाल्या. "अकराला पाच मिनिटं आहेत. दुसरी ओळ परत आली, तर हातोडी ठेवते आणि घरी जाते. नाही आली, तर शाळा भरली!"

अधिकाऱ्याचं हसू आटलं. तो गाडीतून उतरून तरातरा फाटकाशी आला.

"सर, कालचं ठरलेलं लक्षात आहे ना? फळ्यावर एक अक्षर जरी वाढलं, तरी पगारवाढीवरची माझी सही विसरा." मग आत बघून ओरडला, "आणि बाई, आजचा रोज नकोय का तुम्हाला?"

"वाजवली तर द्या की!"

सर मनातल्या मनात आकडेमोड करायला लागले. लिहिलं, तर सही गेली. नाही लिहिलं, तर घंटा झाली. आणि शाळा आपोआप भरल्यावर हा गृहस्थ सही कशाला करेल? पगारवाढ दोन्हीकडून बुडत होती. फक्त एका बाजूला संप शिल्लक राहत होता.

"हे ब्लॅकमेल आहे," ते पुटपुटले.

"आणि कालचा चहा काय होता?" विज्ञानाच्या शिक्षिकेने त्यांच्या मुठीत खडू कोंबला. "लिहा. नाहीतर मी लिहिते. आणि ओळ कुणी पुसली, तेही खाली लिहिते."

सर फळ्याकडे वळले. मागे गाडीचं दार धाडकन आपटलं. त्यांनी पहिली ओळ तशीच ठेवली आणि तिच्याखाली, त्या पांढरट ढगावर, बारीक अक्षरात लिहायला घेतलं.

"मोठं काढ!" व्हरांड्यातून आवाज आला. हातोडी अजून वरच होती. "इथून वाचता येत नाही."