कोरं ताट

दुसरा बटाटेवडा वाढताच प्रभाकररावांच्या ताटाची कड लाल झाली. ताटाला बोट टेकलं की त्याला माणसाच्या रक्तवाहिन्या आतून दिसत, आणि आज त्या माणसाला काय झेपेल ते ताट सांगे. अशी ताटं घरात आल्यापासून प्रभाकररावांच्या कडक होत आलेल्या धमन्या मऊ पडल्या होत्या. आल्यागेल्याला ते हे कौतुकाने सांगत.

"हा आत ने गं," त्यांनी बायकोला, कुमुदिनीबाईंना, वडा परत दिला.

माहेरी आलेली ऋजुता मात्र एका जागी बसेना. सकाळी जिना चढताना आई दोनदा थांबली होती आणि डावा खांदा चोळत "पित्त झालंय" म्हणाली होती. न राहवून ऋजुता स्वयंपाकघरात गेली. आई ओट्याशी उभ्यानेच खात होती. बाबांचा परत आलेला वडा, नातवाच्या ताटाने नाकारलेल्या कुरडया.

"आई, हे काय?"

"मग अन्न टाकायचं का?"

"आणि तुझं ताट कुठंय?"

"मला कशाला हवंय? घासायला एक भांडं वाढतं."

ऋजुताने कपाटातलं कोरं ताट काढलं, त्याचा प्लास्टिकचा कागद फाडला आणि आईला हाताला धरून बाबांशेजारी बसवलं. कुमुदिनीबाईंनी संकोचत ताटाला बोट टेकलं.

"अगं, तिला काहीतरी वाढ तरी," प्रभाकरराव हसत म्हणाले.

ऋजुताने वाढायला उचललेला डाव हातात तसाच राहिला. ताट रिकामं होतं, आणि काठापासून मध्यापर्यंत लाल झालं होतं.