रखमाजीची फळी

पुराने ओढ्यावरचा पूल नेला आणि पिंपरीचा बाजार ओस पडला. पलीकडच्या कंपनीतले कामगार रेल्वेने पुण्याहून सामान आणू लागले. शेवटी दुकानदारांनीच पूल बांधायला घेतला. दुकान बंद करायच्या फळ्यांतली एकेक फळी प्रत्येकाने दिली. रखमाजी वाणी तेवढा अडून बसला. "एक फळी गेली की चोराला आवतणच!" भागूबाई कासारीण फणकारली, "ऱ्हाऊ द्या पुलाच्या मधोमध भोक. गिऱ्हाईक ओढ्यात पडलं की तुमचंच नाव घेईल." कुरकुरत त्याने फळी दिली आणि पूल पुरा झाला. दुसऱ्या दिवशी कंपनीचा भोंगा झाला आणि पुलावर पावलं धडधडली. अंधार पडल्यावर थकलेल्या रखमाजीने आतून फळ्या लावल्या. तोच रिकाम्या फटीतून एक हात आत आला. त्याने काठी उगारली. "शेठ, पावशेर गूळ मिळंल का?" "दुकान बंद झालंय!" खेकसत त्याने काठी ठेवली आणि तराजू उचलला.